चढाईत प्रार्थना केली अन् दम तुटला, आता रविवारच्या निवड चाचणीचं काय करू?

लेफ्टकॉर्नर_जालना

सलाम मंडळी. पहिल्यांदाच लिहायलोय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी जालन्याचा, वय २०, बीएच्या दुसऱ्या वर्षाला, कबड्डी खेळतो, लेफ्ट कॉर्नर. घरचे सगळे ख्रिस्ती. आजोबा मिशनच्या दवाखान्यात वॉर्डबॉय होते, आजी अजूनही रविवारची दहाची उपासना चुकवत नाही, पाऊस असो नाहीतर भावकीत लग्न असो. मी पण प्रार्थना करतो, दाखवायला म्हणून नाही, लहानपणापासूनची सवयच आहे, पेपरच्या आधी, एसटीत बसल्यावर, मॅचच्या आधी बुटाची लेस बांधता बांधता.

तर झालं असं, मागच्या महिन्यात अंबड तालुक्यातल्या एका गावात यात्रेच्या स्पर्धा होत्या. सेमीफायनल, शेवटची दोन मिनिटं, आम्ही एका गुणानं मागं, मेन रेडर आउट होऊन बाहेर बसलेला. दोन चढाया रिकाम्या गेल्या म्हणजे तिसरी डू ऑर डाय, अन् कॅप्टननं मला पुढं ढकललं. मी पाय धरणारा माणूस, मला चढाईला पाठवणं म्हणजे गवंड्याला न्हाव्याच्या खुर्चीमागं उभं करणं. मधली रेषा ओलांडली अन् मनात सुरू झालं, प्रभू एवढा एक टच दे, एवढा एकच. मला वाटलं मनातल्या मनातच चाललंय पण पोरं सांगतात की कबड्डी कबड्डी थांबून तोंडातून प्रभू प्रभू यायला लागलं होतं. पंचांनी शिट्टी मारली. दम तुटला, आउट, समोरच्याला फुकटचा गुण, शेवटी तीन गुणांनी हरलो.

तेव्हापासून ग्रुपवर माझं नाव पाद्री पडलंय. "येशूनंच आउट केलं याला" म्हणून हसायलेत. हसू द्या, मला बी हसू येतं आता, पण रात्री पडल्यावर डोक्यात येतं की मी मागत होतो ते मागण्यासारखं होतं का? समोरच्या टीममधला पण कुणीतरी त्याच्या देवाला हेच म्हणत असेल ना, की याची पकड होऊ दे. मग वर बसलेल्यानं काय करायचं, नाणं उडवायचं?

अजून एक. आमच्यात मॅचच्या आधी बजरंगबलीच्या फोटोसमोर नारळ फुटतो, जयघोष होतो. मी रिंगणात उभा राहतो, मान खाली घालून माझी प्रार्थना करतो, इतक्या वर्षांत कुणी एका शब्दानं बोललं नाही. आता नवीन कॅप्टन म्हणतो दर मॅचला एकेकानं नारळ फोडायचा, आळीपाळीनं, अन् पुढचा नंबर माझा.

अन् मेन भानगड वेगळीच आहे. जिल्ह्याची निवड चाचणी रविवारी सकाळी आठला. सगळ्या चाचण्या रविवारीच येतात कारण पंच म्हणजे बहुतेक शाळेतले मास्तर, त्यांना सुट्टी तेव्हाच. मागच्या वर्षी आजीसाठी सोडली होती. यंदा पण सोडली तर संपलंच म्हणायचं. आजीला सांगितल्यापासून ती माझ्याशी बोलेना गेलीय. कुणी या चक्रातून गेलंय का?

परभणीचे_पीटीसर

बाळा, आधी पंचाचं सांगतो कारण तू ते विचारलं नाहीस. पंच बरोबर होता. चढाईत कबड्डी हा शब्द स्पष्ट आणि एका दमात ऐकू आलाच पाहिजे, त्याच्या जागी तू प्रभू म्हण, विठ्ठल म्हण नाहीतर आईचं नाव घे, शिट्टी वाजणारच. तीस सेकंदांची चढाई असते, तेवढा वेळ देवाला थांबायला सांग, तो समजून घेईल. माझ्या शाळेत एक पोरगं होतं, चढाईला जाताना मारुतीस्तोत्राची पहिली ओळ म्हणायचं, तेही असंच बाद व्हायचं. देवाचा काही दोष नाही, सवयीचा आहे. प्रार्थना रेषेच्या अलीकडं संपवायची, मैदानाला हात लावून कपाळाला लावतोस ना, तिथपर्यंत.

नारळाचं तर लै सोपं आहे. कॅप्टनला बाजूला घेऊन सांग की माझ्या घरी हे चालत नाही, मी रिंगणात उभा राहतो, फोडायचं काम दुसऱ्या कुणाला दे. सगळ्यांसमोर सांगू नको, सगळ्यांसमोर सांगितलं की त्याचा इगो मध्ये येतो आणि मग नारळ बाजूला राहतो अन् माणसं फुटतात. मी नोकरी केली त्या काळात माझ्या संघात मुसलमान पोरं होती, बौद्ध पोरं होती, एक लिंगायत होता जो गळ्यातलं लिंग काढायला तयारच नव्हता, मग आम्ही ते बनियनच्या आत कापडानं घट्ट बांधून द्यायचो. खेळायला अडलं नाही कुणाचं. अडतं ते मोठ्या माणसांचं.

देव जिंकवतो का यावर मी बोलणार नाही, माझा तो विषय नाही. एवढंच सांगतो की आपल्या आष्टीकडचा अविनाश साबळे पॅरिसच्या डायमंड लीगला ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची शर्यत, पळला तो मांडव्यापासून पळत आलेल्या पायांवर पळला. तू रोज किती बैठका मारतो ते आधी लिही.

नांदेडचा_नास्तिक

घ्या, सुरू झालं. खेळात धर्म कामून आणता राव? घरी ठेवा ना. त्या क्रिकेटवाल्या जेमिमा रॉड्रिग्जचं पण तेच. ३० ऑक्टोबर २०२५, डीवाय पाटीलला ऑस्ट्रेलियाविरुद्ध वर्ल्डकपची सेमीफायनल, ३३९ चा पाठलाग, पोरीनं नाबाद १२७ केले, मी पण टीव्हीसमोर नाचलो. अन् मग माइक हातात आला की येशूचे आभार, एकटीनं जमलं नसतं म्हणे. अरे बाई तूच केलंस ना ते. ८२ वर असताना तुझा कॅच हिलीनं सोडला, हरमननं ८९ केले, त्यांचे पण आभार मान. अन् फायनलला शेफालीनं ८७ मारले, दीप्तीनं पाच विकेट काढल्या, मग तेव्हा कुणाचा देव खेळत होता?

परभणीचे_पीटीसर

घरी ठेवायचं तर सगळ्यांनीच ठेवायला लागेल. मैदानाला पाया पडणं, बॅटला हळद-कुंकू लावणं, दसऱ्याला शिट्टी अन् डंबेल्सची पूजा, सगळं. तयार आहात का? मी तर नाही बुवा.

निवृत्त_सिस्टर

नास्तिक दादा, तुम्ही पूर्ण मुलाखत ऐकली नाही. तिनं जिंकल्याचे आभार मानले तसं हेही सांगितलं की त्या स्पर्धेत ती जवळजवळ रोज रडत होती, एन्झायटीनं हैराण झाली होती, मध्ये एका मॅचला संघाबाहेर बसवलं होतं. अन् शेवटी अंगात त्राण उरलं नाही तेव्हा ती बायबलमधलं एक वचन मनात म्हणत होती, की तू स्थिर उभा राहा, लढणारा देव आहे. ते निर्गम पुस्तकातलं आहे, समोर समुद्र अन् मागं मिसरचं सैन्य अशा वेळचं. मी ३४ वर्षं वॉर्डात काढली, ऑपरेशनला नेताना पेशंट जे पुटपुटतात ते मी ऐकलंय, त्यात "मला जिंकव" कुणी म्हणत नाही, "सोबत राहा" म्हणतात. जेमिमाचं मला तसं वाटलं. त्या रात्री तिला शिव्या पण लै पडल्या हो, शतक मारून शिव्या खाणारी बहुतेक ती पहिलीच.

आता जालन्याच्या बाळाला. मी शाळेत असताना ४०० मीटर पळायचे, साडीवाल्या बाईंनी शिकवलं आम्हाला, बूट नव्हते. आमच्या घरी पण रविवार म्हणजे रविवार, सुई धरायची नाही, शेंगा फोडायच्या नाहीत, बाजार नाही. हा कडकपणा आपल्याकडं आला कुठून माहितीय का? स्कॉटलंडच्या मिशनऱ्यांकडून. जालन्याचं मिशन त्यांचंच, नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल गाव वसवलं तेही त्याच मिशनमध्ये राहून. तुझ्या आजीचा रविवार एडिंबरोहून बोटीनं आलाय बाळा.

अन् त्याच मातीतला माणूस धावपटू एरिक लिडेल. १९२४ चं पॅरिस ऑलिंपिक. १०० मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी निघाल्या तर तो म्हणाला मी पळणार नाही. लोकांना वाटतं आदल्या दिवशी ऐनवेळी नाही म्हणाला, तसं नाही, वेळापत्रक त्याला कित्येक महिने आधीच कळलं होतं अन् तो तेवढे महिने ४०० ची तयारी करत बसला. त्या रविवारी तो पॅरिसमधल्या स्कॉटिश चर्चमध्ये बोलायला गेला. नंतर २०० मध्ये ब्राँझ, अन् ११ जुलैला ४०० मध्ये ४७.६ सेकंद, सुवर्ण अन् जागतिक विक्रम. शेवटच्या लेनमध्ये होता, पुढं कोण मागं कोण काही दिसत नव्हतं, सुटला तो सुटलाच.

बायबलमधला प्रेषित पौल पण ग्रीसमधल्या करिंथच्या लोकांना लिहितो की शर्यतीत पळतात सगळे पण बक्षीस एकालाच. करिंथजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरायचे, त्या लोकांनी डोळ्यांनी बघितलेली गोष्ट होती ती. झाडपाल्याचा मुकुट मिळायचा, चार दिवसांत वाळणारा. पण बघ, पौल कुठं म्हणत नाही की शर्यत वाईट.

लेफ्टकॉर्नर_जालना

सिस्टर, लै भारी लिहिलंत, आजीला वाचून दाखवलं, एडिंबरो म्हणल्यावर तिनं चष्मा काढून माझ्याकडं बघितलं, बोलली मात्र नाही. पण एक अडचण आहे. लिडेलला १०० सोडून ४०० होतं. मला काय आहे? आमच्याकडं चाचणी एकच, ती गेली की वर्ष गेलं, अन् पोलीस भरतीला खेळाडूचं सर्टिफिकेट लागतं ते पण गेलं. देवासाठी सोडलं म्हणलं तर पगार काय देव देणार का, असं वडील म्हणतात, अन् वडील पण ख्रिस्तीच आहेत बरं का, बाप्तिस्म्यासकट.

पीटी सर, बैठका रोज २००, दोरी वेगळी. कॅप्टनशी आज बोलतो.

छावणीचा_विंगर

भावा, मी संभाजीनगर छावणीतला, फुटबॉल, कॅथोलिक. आमच्यात तुझ्याइतकी अडचण येत नाही कारण शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून धरली जाते, तसा चर्चचा नियमच आहे, म्हणजे सूट वगैरे नाही, कायद्यातच लिहिलंय. रविवारी लीग असली की आम्ही पाच-सहा जण शनिवारी घामट जर्सीतच मागच्या बाकावर. फादर काही बोलत नाहीत, फक्त धूप जरा जास्त फिरवतात आमच्या बाजूला.

मैदानात पाय टाकताना क्रूसाची खूण करतो, गवताला हात लावतो. त्याला कुणी अडवत नाही. पण शर्टावर लिहायला बंदी. ब्राझीलच्या काका नावाच्या फुटबॉलपटूनं २००७ च्या चॅम्पियन्स लीग फायनलनंतर जर्सी काढून आतला "मी येशूचा आहे" वाला टी-शर्ट दाखवला होता ना, आता ते चालत नाही, फुटबॉलच्या नियम ४ मध्ये राजकीय, धार्मिक, वैयक्तिक घोषणा अंगावर नको असं स्पष्ट आहे. ब्राझीलची स्केटबोर्डवाली पोरगी रायसा लिआल, तिनं पॅरिस २०२४ ला हातवाऱ्यांच्या भाषेत येशूच मार्ग आहे असं दाखवलं, कॅमेऱ्यासमोर. काय डोकं चालवलं राव, शर्ट कोरा अन् काम झालं.

मला स्वतःला मात्र दाखवणं फार आवडत नाही. येशूनंच सांगितलंय की रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून लोकांना दिसावं म्हणून प्रार्थना करू नका, खोलीत जा, दार लावा. आता ड्रेसिंग रूमला दार असतं असं नाही आपल्याकडं. आमची ड्रेसिंग रूम म्हणजे लिंबाचं झाड.

नांदेडचा_नास्तिक

सिस्टर, शिव्यांचं चुकीचंच होतं, ते मी पण तेव्हा लिहिलं होतं. पण तुम्ही लिडेल सांगता तर जोनाथन एडवर्ड्सचं पण सांगा की. तिहेरी उडीवाला. रविवार म्हणून १९९१ ची टोकियोची जागतिक स्पर्धा सोडली. १९९३ ला विचार बदलला, रविवारी उड्या मारायला लागला. १९९५ ला गोथेनबर्गला १८.२९ मीटर, अजून कुणाला मोडता आला नाही तो विक्रम. सिडनीला सुवर्ण. म्हणजे रविवार पाळला तेव्हा घरी अन् मोडला तेव्हा विक्रम. अन् निवृत्तीनंतर त्याची श्रद्धाच गेली, २००७ ला त्यानं उघड सांगितलं. याचा अर्थ काय लावायचा?

निवृत्त_सिस्टर

काही अर्थ लावू नका. देव रविवार मोजून मेडल वाटत नाही एवढाच लावा, ते तर मी पण मानते. पाऊस भल्याच्या शेतात पण पडतो अन् बुऱ्याच्या पण, हे येशूचं वाक्य मराठवाड्यात कुणाला समजावून सांगायला लागत नाही. आमच्याकडं तर दोघांच्याही शेतात पडत नाही.

एडवर्ड्सचं मला वाईट वाटतं पण राग नाही येत. माणूस खरं बोलला. विश्वास नसताना स्टेजवर साक्ष देत फिरणारे पण बघितलेत मी.

अन् लिडेलची पुढची गोष्ट राहिली होती, ती मुद्दाम ठेवली होती. तो धावणं सोडून चीनला मिशनरी म्हणून गेला. युद्धात जपान्यांनी वेइशियनच्या छावणीत कोंडलं, तिथं पंधराशेच्या आसपास माणसं, त्यात आईबापांपासून तुटलेली शाळेची पोरं. हा त्यांना शिकवायचा, त्यांचे खेळ घ्यायचा, पण रविवारी नाही. एका रविवारी पोरांनी आपापलेच हॉकी खेळायला घेतलं, पंच कुणी नाही, मारामारी झाली. त्याच्या पुढच्या रविवारी लिडेल स्वतः मैदानात, शिट्टी घेऊन. ऑलिंपिकच्या सोन्यासाठी जो रविवार मोडला नाही तो चार भांडकुदळ पोरांसाठी मोडला. २१ फेब्रुवारी १९४५ ला तिथंच गेला तो, मेंदूत गाठ होती, वय ४३. सुटकेला सहा महिने बाकी होते.

तुझ्या वडिलांचं पण खोटं नाही बाळा. शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा पवित्र दिवस, माणसासाठी झाला, माणूस शब्बाथासाठी नाही, हेही लिहिलेलंच आहे. पण आजीला हे वचन तोंडावर मारू नको. वचन मारायला वापरलं की ते दगडच होतं. तिच्याशेजारी बस, भाजी निवड.

बीडकर_रेडर

सगळं वाचलं, एक शंका. नारळ फोडत नाही ठीक, मग खोबरं खातो का? आमच्यात एक ख्रिस्ती पोरगा होता तो खोबऱ्याचा तुकडा खिशात घालायचा अन् नंतर कुत्र्याला टाकायचा, ते मात्र पोरांना लागायचं. नको असेल तर नको म्हण की सरळ.

छावणीचा_विंगर

याच्यावर तर करिंथच्या पत्रात अख्खा अध्याय आहे हो, मूर्तीपुढच्या नैवेद्याचं खावं का नाही. पौलाचं म्हणणं साधारण असं की खाल्ल्यानं काही बिघडत नाही, पण तुझ्या खाण्यानं दुसऱ्या कच्च्या माणसाचं मन डळमळत असेल तर खाऊ नको. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी पण हीच बोंब होती, फक्त नारळ नव्हता.

लेफ्टकॉर्नर_जालना

खोबरं खातो. आजीला माहिती नाही. इथं पण कुणी सांगू नका.

अपडेट देतो, परवा चाचणी झाली.

कॅप्टनशी पीटी सरांनी सांगितलं तसं बाजूला घेऊन बोललो. तो म्हणाला अरे येड्या आधी सांगायचं ना, मला वाटलं तुला नंबर दिला नाही तर तुला वाईट वाटंल की आपल्याला वेगळं धरायलेत म्हणून. त्याला तसं वाटलं होतं अन् मी महिनाभर झोप घालवली. आता ठरलं असं की नारळ मी आणायचा, फोडायचा त्यानं. पैसे पण माझेच.

आजीचं काय झालं ते सांगतो. सिस्टरचं ऐकून शुक्रवारी मेथी निवडत बसलो, एक जुडी संपली तरी ती काही बोलली नाही. शनिवारी पण नाही. मी बॅग भरून ठेवली अन् झोपलो. रविवारी पहाटे पाचला तिनं लाइट लावला. अंगावर पांढरी साडी, चर्चला नेसते ती, डोक्यावर पदर. आई-वडिलांना उठवलं, बहिणीला उठवलं, अन् ओसरीवर चटई टाकून घरची उपासना सुरू. गाणं एकच कडवं, एक स्तोत्र, मग प्रार्थना. आजीची प्रार्थना म्हणजे तुम्हाला सांगतो, अर्ध्या तासाच्या आत कधी संपत नाही, गावातला आजारी माणूस न् माणूस त्यात येतो. त्या दिवशी तीन मिनिटांत आमेन. माझ्याबद्दल एवढंच म्हणाली की याचा पाय मोडू देऊ नको अन् याच्या हातून दुसऱ्याचा मोडू देऊ नको. जिंकव म्हणाली नाही. अन् मग मला म्हणाली, आटप, सहाची गाडी चुकंल. दहाला ती तिच्या उपासनेला गेलीच, नेहमीसारखी.

मैदानात मी रेषेच्या अलीकडंच आटोपलं, हात लावला कपाळाला लावला, संपलं. त्यांनी चढाई द्यायला लावली नाही, देवाची कृपा म्हणा नाहीतर निवड समितीची. दोन अँकल होल्ड, म्हणजे घोट्याच्या पकडी, चांगले बसले, एकदा बोनस घेताना त्यांच्या मेन रेडरला चेन टॅकलमध्ये आणला. संध्याकाळी यादी लागली, शिबिरासाठी वीस जणांत नाव आलंय. अंतिम बारा शिबिरातून काढणार.

शिबिर २१ दिवसांचं आहे. म्हणजे तीन रविवार. आजीला अजून सांगितलं नाही, उद्या परत मेथी आणतो.